जबडा, चेंडू आणि वाऱ्याचं यंत्र

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगच, पण आडवा झाल्यावर मला झोप लागत नाही ना, हे बघायला ही शेजारी उभी आहे.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचे कान कसे आहेत? आमचं बरं चाललंय म्हणायचं. फक्त गाडी शिकवण्याच्या शाळेने मला बेमुदत रजेवर बसवलंय. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मगच गाडीत बसा, म्हणतात. तुझ्या कानावर उलटसुलट काही जाण्याआधी खरं काय ते मीच सांगतो.

झालं असं, की एक निवृत्त मुख्याध्यापिका माझ्याकडे गाडी शिकायला येतात. त्या दिवशी दुपारी जेवून मी त्यांच्या शेजारी बसलो, मी सांगेपर्यंत सरळ चालवा म्हणालो, आणि माझा डोळा लागला. बाई शिस्तीच्या. जन्मभर पोरांना 'सांगितलंय तेवढंच करा' असं बजावत आलेल्या. त्यांनी गाव ओलांडलं, पूल ओलांडला, दोन फाटे सोडून दिले. (माझं घोरणं हा त्यांना इंजिनाचाच आवाज वाटला. दोनदा गिअर बदलून पाहिला म्हणे, फरक पडेना.) अखेर माझ्या खांद्याला बोट लावून म्हणाल्या, "सर, पुढे नदी आहे. सरळच जायचं का?" डोळे उघडतो तर समोर पाणी आणि गाडीची पुढची चाकं उतारावर! दादा, खोटं सांगत नाही, माझ्या बाजूचा ब्रेक मी दोन्ही पायांनी दाबला.

मग डॉक्टरांनी एक रात्र अंगभर तारा चिकटवून तपासलं. झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास अडतो, तासाला एक्केचाळीस वेळा. हिने एकोणचाळीस मोजले होते. दोन हुकले म्हणून अजून हळहळते.

उपायांत मी आधी फुकटचा धरला. उताणं झोपलं की घोरणं वाढतं, म्हणून हिने बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू कोंबला. चेंडू टोचायचा, मी कुशीवर वळायचो आणि घोरणंही माझ्याबरोबर कुशीवर वळायचं. मग दातांच्या डॉक्टरांनी कवळीसारखं एक साधन करून दिलं. ते खालचा जबडा पुढे ओढून धरतं. ते तोंडात ठेवूनच सकाळी दार उघडलं, तर शेजाऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि आमच्या दारातली आपली स्कूटर मुकाट्याने हलवली. (चार वर्षं त्याला गोडीगुलाबीने सांगत होतो!) घोरणं निम्म्यावर आलं, पण डॉक्टर म्हणाले, तुमचं दुखणं जबड्याच्या आवाक्यातलं नाही. शेवटी यंत्र आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून वारा. त्या वाऱ्याने घसा उघडा राहतो. पट्टा सैल राहिला तर सगळा वारा हिच्या मानेवर, मग जे वादळ होतं ते यंत्रातलं नसतं. पण पहिल्या सकाळी उठलो तेव्हा डोकं इतकं हलकं, की उशीवरच राहिलं की काय, असं वाटलं! यंत्राला तोड नाही, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. वहिनींनी मला सगळं सांगितलंय. गेल्या आठवड्यात करवतीच्या यंत्रापुढे उभ्या उभ्या पेंगून तुझी मान पडली आणि निम्मी फळी भलतीकडेच कापली गेली. दादा, सुताराला दहाही बोटं लागतात रे. माझ्याच डॉक्टरांकडे बुधवारी चार वाजताची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. नाही म्हणू नकोस.

ता. ता. क. वहिनी, तो पहिल्याच पानावर पेंगला असेल, तर हलवून उठवा आणि ता. क. पुन्हा वाचून दाखवा.

आणि हे शेवटचं, हिच्या नकळत. यंत्राचं एवढं कौतुक केलं खरं, पण मी ते रात्रभर लावलंय मोजून तीन रात्री, एरवी ही झोपली की काढून ठेवतो. ते यंत्र चहाडखोर आहे, किती तास लावलं ते सगळं आत लिहून ठेवतं, हे मला काल कळलं. बुधवारी डॉक्टर ते वाचणार आणि मगच चिठ्ठी देणार. तू नक्की ये. मोठा म्हणून ते आधी तुलाच रागावतील.