गॅलरीतले कपडे

४ फेब्रुवारी, सकाळी सहा

आजपासून लवकर उठणं, व्यायाम, काटकसर आणि स्वावलंबन. चारही एकदम सुरू केलेलं बरं. एकेक सुरू केलं की एकेक बंद पडतं, असा आजवरचा अनुभव.

नोकरीतून निवृत्त होऊन महिना झाला. जन्मभर कंपनीचे वजनकाटे विकत गावोगाव फिरलो. लोकांना मापात राहायला शिकवलं, आता स्वतः राहायचं.

पहिला नियम: घरात कारागिराने पाऊल टाकायचं नाही. प्लंबर नाही, वायरमन नाही, सुतार नाही. मोडेल ते मी जोडीन. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, की अहो, आजवर तरी आपल्याकडे कोण आलं होतं? विचार केला तर खरंच. मी वर्षातले निम्मे दिवस टूरवर, पण एकाही प्लंबरचं बिल भरल्याचं आठवत नाही. कारण उघड आहे. घरातली प्रत्येक वस्तू मी स्वतः पारखून घेतली होती. दणकट माल.

तरी नियम तो नियम.

ता.क. व्यायाम संपवून जरा आडवा झालो तेवढ्यात सौ. उठली. तिचा समज झाला, की मी अजून उठलोच नाही. खुलासा केला नाही. स्वावलंबी माणूस खुलासे देत बसत नाही.

६ फेब्रुवारी

हत्यारं आणली. पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हरचा सेट, नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप. पिशवीसुद्धा नवीन घेतली. काटकसरीला सुरुवातीला थोडा खर्च येतोच.

हार्डवेअरवाला म्हणाला, की काका, पाना कशाला घेताय, काकूंनी नेलेला आहे ना. त्याचा काहीतरी घोळ होतोय. दिवसभर गिऱ्हाइकं, डोकं ठिकाणावर राहत नसेल. सौ. पाना कशाला नेईल? फार तर अक्रोड फोडायला.

७ फेब्रुवारी, दुपार

केस स्वतःच कापले. मागची बाजू आरशात दिसत नाही, ती अंदाजाने घेतली. आमच्या धंद्यात अंदाज पक्का होतो.

सौ. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, की बाहेर जाताना टोपी घालत जा, ऊन फार आहे. काळजी करते बिचारी. आकाश ढगाळ होतं.

९ फेब्रुवारी

पहिली कामगिरी. बाथरूमचा नळ टिपटिप गळत होता. सौ.ला म्हणालो, की तू मध्ये येऊ नकोस. ती म्हणाली, नाही येत, मी गॅलरीत कपडे काढायला जाते. शहाणी आहे.

पाना लावला, नळ काढला. आश्चर्य म्हणजे भोकातून पाण्याचा थेंबही आला नाही. मला उगाच वाटत होतं, की पाणी उसळेल. लोक घाबरवून ठेवतात. हात आत्मविश्वासाने चालला, की पाणीसुद्धा अदबीने वागतं.

वॉशर बदलला, टेप गुंडाळली, नळ आवळला. सौ. कपडे घेऊन आत आली. नळ गळायला लागला. आधी टिपटिप होती, आता धार. जरा निराश होऊन झोपलो.

संध्याकाळी उठून बघतो तर नळ कोरडा ठणठणीत. म्हणजे दुरुस्ती मुरायला वेळ लागतो. हे शास्त्र कुणी सांगत नाही. प्लंबर लोक मुद्दाम लपवत असणार.

१२ फेब्रुवारी

बेसिनचा नळ. तोच प्रकार. मी काम काढलं, सौ. गॅलरीत गेली. आमच्याकडे कपडे फार वाळत असतात. पाणी आलं नाही. काम झाल्यावर गळलं, दुपारच्या झोपेनंतर थांबलं. दोन्ही नळांनी एकच सिद्धांत सिद्ध केला.

झोप हा दुरुस्तीचा भाग आहे, असं आता माझं मत होत चाललंय.

१४ फेब्रुवारी

शयनगृहाचं दार कुरकुरतं. उद्या तेल घालायचं ठरवलं.

१५ फेब्रुवारी

दार कुरकुरायचं थांबलं. अजून तेल घातलं नव्हतं. घरातल्या वस्तू आता माझ्या नुसत्या निश्चयाने सुधारू लागल्यात. सौ.च्या बोटांना काळं लागलं होतं. विचारलं तर म्हणाली, की कुठेतरी लागलं असेल. बायकांचं आपल्या हातांकडे लक्ष नसतं.

व्यायाम आज नाही. कालचा जास्त झाला होता. म्हणजे परवाचा.

१८ फेब्रुवारी

मुलीचा फोन. नव्या घरात रविवारी राहायला जाणार. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. म्हणाली, बाबा, आईला पाठवता का, नळाचं बघायचंय. म्हणालो, नळाचं आहे ना, मग मीच येतो.

तिचा आवाज एकदम बदलला. गहिवरली असावी. मग म्हणाली, की बाबा, आईही येऊ दे ना बरोबर. भांडी लावायला हवी असेल.

जावईबापू फोनवर आले. म्हणाले, की आमच्या कोपऱ्यावरच एक प्लंबर आहे, तुम्ही कशाला त्रास घेता. मी म्हणालो, घरात माणूस असताना बाहेरचा माणूस? त्यावर ते म्हणाले, बरं, फक्त कपाटांना तेवढं पाणी लागू देऊ नका, पॉलिश अजून ओलं आहे.

नळाखालची ती लाकडी कपाटं जावईबापूंनी स्वतः बनवली आहेत. चार महिने प्रत्येक सुट्टी त्यात घातली. सुतारकामाचा काही संबंध नसलेला बँकेतला माणूस, पण दारं अशी बसवलीत, की कागद जायचा नाही. मला कौतुक आहे. मात्र मुलगी आल्यागेल्याला तीच कपाटं दाखवते. घरात स्वावलंबी माणूस आणखीही एक आहे, हे तिला रविवारी कळेल.

२० फेब्रुवारी

सौ. सारखी म्हणतेय, मीही येते. तिला शिंका येतायत, म्हणून नको म्हणालो. खरं म्हणजे ती आली की मुलगी आणि ती बोलत बसतात आणि माझं काम कुणी पाहत नाही.

तिने विचारलं, की तिकडे पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते माहीत आहे का? म्हणालो, तो कशाला लागतो? इतके नळ काढले, आपल्याला कधी लागला का?

 ती म्हणाली, की मी काही बोलणार नाही, कशाला हात लावणार नाही, नुसती गॅलरीत उभी राहीन. काय हट्ट. म्हणालो, अगं, ते अजून राहायलासुद्धा गेले नाहीत, गॅलरीत कपडे तरी कुठून असतील?

२१ फेब्रुवारी, सकाळी सात

सौ. आंघोळीला गेलीय. हीच वेळ. टोपी, पिशवी घेऊन निघतो.

२१ फेब्रुवारी, दुपारी चार

मुलीच्या घरी. जावयाचा सदरा अंगात. माझा वाळतोय.

प्रसंग घडला तसा लिहितो, म्हणजे उगाच कुणी तिखटमीठ लावायला नको.

मुलगी आणि जावई समोर उभे. मी दोन शब्द बोललो. आत्मविश्वासाबद्दल होते. पाना लावला. मुलगी म्हणाली, बाबा, पाणी बंद करायचं ना आधी? म्हणालो, बघ तू नुसतं. आणि नळ काढला.

पाण्याने माणूस ओळखला नाही.

पहिला फवारा माझ्या तोंडावर. दुसरा कपाटांवर. भोकावर हात ठेवला, पाणी बोटांतून चहूकडे जायला लागलं. टोपी काढून बोळा कोंबला. तोही बाहेर आला आणि जावईबापूंच्या चष्म्यावर बसला. जावईबापू खाली बसून अंगातल्या सदऱ्याने कपाटाची दारं पुसत राहिले. पुसलेल्या दारावर परत पाणी येई, ते परत पुसत. ते मला बघवेना. मी भोकाला पाठ लावून उभा राहिलो. पाण्याला जोर फार.

मुलीने आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून कानावर आलं. सौ.ने आधी विचारलं, की बाबांना लागलं नाही ना? आणि नंतर म्हणाली, गॅलरीत जा. कोपऱ्यात खाली लाल चाक असेल, ते फिरव.

मुलगी धावली. पाणी थांबलं.

मी तसाच भिंतीला पाठ लावून उभा होतो. गॅलरी. आमच्याकडे कपडे फार वाळत असतात, असं मीच लिहून ठेवलंय.

मग नळाला टेप तेवढी गुंडाळून ठेवली. तासाभरात सौ. आली. हातात एक कापडी बटवा. त्यातून पाना काढला, दांडा वापरून गुळगुळीत झालेला. अक्रोड फोडून पान्याचा दांडा असा होत नाही. माझी टेप नळावरून सोडवली आणि म्हणाली, की अहो, उलटी गुंडाळलीत, अशी गुंडाळली की नळ आवळताना सुटून येते. सुलटी गुंडाळली, नळ बसवला. गळला नाही. मुरायलासुद्धा वेळ लागला नाही.

विचारलं, की हे कधी शिकलीस? मुलगीच मध्ये बोलली. म्हणाली, बाबा, तुम्ही टूरवर असायचात तेव्हा मी स्टुलावर उभी राहून आईला बॅटरी धरायचे. सौ. म्हणाली, नळ थोडाच तुमच्या रजेची वाट बघत थांबणार होता?

मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, की तुम्ही इतके खुशीत होतात. घरात बसून उदास होण्यापेक्षा नळ काढत होतात, ते बरंच होतं. आपला मेन कॉक हाताशी आहे, म्हटलं चालू दे.

जावईबापूंची खालची दोन दारं फुगलीत. आता कागद सोडाच, ती बंदच होत नाहीत. ते म्हणाले, की वाळल्यावर रंधा मारू. मी म्हणालो, रंधा मी मारतो. घरातल्या तिघांनीही एकदम नको म्हटलं. जावईबापू मग म्हणाले, की दार धरायला मात्र कुणीतरी लागेल. त्यांच्या डोळ्यांत राग शोधला. मघाशी माझं डोकं मागून दिसलं होतं त्यांना, टोपीशिवाय. ते हसू दाबत होते.

२३ फेब्रुवारी

उशिरा उठलो. न्हाव्याकडे गेलो. त्याने विचारलं, हे कुणी केलं? म्हणालो, टूरवर असताना एका ठिकाणी. तो म्हणाला, की परत त्या गावाला जाऊ नका.

नवी पिशवी परत घ्यायला हार्डवेअरवाला तयार नाही. मात्र म्हणाला, की काकूंना सांगा, त्यांनी सांगितलेले वॉशर आलेत.

२८ फेब्रुवारी, रविवार

सौ.बरोबर मुलीकडे गेलो. जावईबापूंनी रंधा मारेपर्यंत दार धरलं. हलू दिलं नाही. ते म्हणाले, छान धरलंत. घरी येईपर्यंत हे वाक्य सौ.ला दोनदा सांगून झालं.

संध्याकाळी सौ.ने स्वयंपाकघरातला नळ काढायला घेतला. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी उठून गॅलरीत गेलो. दोरीवर एकही कपडा नव्हता.

कोपऱ्यात खाली दोन लाल चाकं आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिली. विचारणार होतो, पण इतक्या साध्या गोष्टीत तरी माणसाने स्वावलंबी असावं. उजवीकडचं निवडलं, पूर्ण ताकदीने आवळलं आणि आत हाक दिली, की झालं, काढ नळ.

वरच्या मजल्यावरून आवाज आला, की अंगाला साबण आहे, पाणी कुणी बंद केलं?

सौ. आतून म्हणाली, दुसरं.

दुसरं बंद केलं. पहिलं उघडायला तिलाच यावं लागलं. मी फार घट्ट आवळलं होतं. ती चाक सोडवत असताना मी बॅटरी धरली.