गुलाबचा सुळा

नाकाडोंगरी,
ता. ११ फेब्रुवारी १९८२

ती. चंद्रभागाबाईस,

धाकट्या भावाचा, केवळरामचा, नमस्कार. इकडे सगळे खुशाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? उन्हाळी धानाची रोवणी आटोपली असेल.

माझं अक्षर पाहून पत्र चुलीत टाकू नकोस, आधी वाच. बाई, आपल्या गुलाबला कॅन्सर नाही! नाही म्हणजे नाही! काल टपालाने नागपूरचा रिपोर्ट आला आणि मी, शाळेचा हेडमास्तर, भर वर्गात टेबलावर हात आपटून ओरडलो. पोरं हसली. हसू देत.

झालं असं. नाकाशेजारची सूज सुपारीएवढी झाली, तेव्हा तिला नागपूरला दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई जेमतेम पंचविशीची. मनात म्हटलं, ही काय सांगणार? तिने गुलाबचे दात मोजले, एक हलवून पाहिला आणि विचारलं, "सतराव्या वर्षी हा दुधाचा दात अजून कसा?" मग एक्स-रे फोटो काढून खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या जबड्यात काळी गोल पिशवी आणि तिच्यात अख्खा सुळा आडवा पडलेला! तो बाहेर यायचा राहिला, त्याच्याभोवती पाण्याची पिशवी धरली आणि ती हाड पोखरत वाढत गेली. सुई घालून पिवळं पाणी काढून दाखवलं. नंतर ओठ वर उचलून, आतूनच कापून, पिशवी सुळ्यासकट काढली. चेहऱ्यावर बाहेरून ओरखडासुद्धा नाही. तरी तुकडा तपासायला पाठवला होता. ते बारा दिवस कसे गेले, आमचं आम्हाला ठाऊक.

सुळा बाटलीत घालून दिलाय. गुलाब साऱ्या गल्लीला दाखवत फिरते.

मी डॉक्टरीणबाईला भीत भीत विचारलं, "हे दातांना तंबाखूचं गुडाखू घासल्याने झालं का?" ती म्हणाली, "गुडाखू वाईटच, पण याचा त्याच्याशी संबंध नाही. दात आतच अडकला होता. दोन वर्षांआधी आणली असती तर एवढं हाड गेलं नसतं."

आता ते लिहितो, ज्यासाठी तीन कागद फाडले. गुलाब तुझ्याकडे आसगावला शिकायला होती, तेव्हा तिचं तोंड उघडून तू मला म्हणाली होतीस, "केवळ, पोरीचा सुळा अजून दुधाचाच हाये. दवाखान्यात दाखवजो." मी हसलो, "तू कवापासून डाक्टरीन झाली?" आणि गाल सुजल्यावर तुझ्याच अंगणात, चारचौघांत, तुझी गुडाखूची डबी भिरकावली. "माह्या पोरीले तूच मारून राहिली," असं म्हणालो. तू रडलीही नाहीस. डबीचं झाकण शोधत राहिलीस.

पोरगी गुडाखूला कधी शिवलीच नव्हती. ती तेव्हाही सांगत होती, मी ऐकलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला बाई, माझी चूक मला एका परक्या पोरीने दाखवली. आणि ती तू आधीच दाखवली होतीस.

गुलाबचा एकच धोशा आहे, "बाबा, आत्याबाईले कवा सांगता?" रविवारी दुपारच्या एसटीने आम्ही दोघं येतो. तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही, कारण "येऊ नको" असं लिहिलंस तर माझी हिंमत होणार नाही. मला अंगणातच उभा ठेव. तिथेच बोललो होतो, तिथेच चारचौघांत तुझ्या पाया पडेन. पोरीला मात्र आत घे.

तू म्हणशील तर तुझा भाऊ,
केवळराम