वैशाली हसली

मंगळवार, संध्याकाळ

वर्गात वैशालीला इंग्रजी उताऱ्याचे पूर्ण गुण दिले, तरी मन खात होतं. सोमवारी दवाखान्याच्या काउंटरसाठी तिची मुलाखत. तिथे वाचलेलं समजावंच लागेल. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधून ते वाक्य उतरवायचं, हीच तिची रीत; गावच्या शाळेत मीही असाच पास झालो. पण उताऱ्यातला म्हातारा कपाळावरचा चष्मा घरभर शोधतो, आणि ही हसली कशी नाही?

"हसली काहून नाही वं?"

"परीक्षेत कोणी हसते का, सर?"

प्रश्न झाकले, पुन्हा वाचायला लावलं. चष्म्यापाशी थांबली.

"अवं माय! बुढ्याच्या कपाळावरच तं आहे!" हसू आवरेना तिला.

आत्ता रामापुढे दिवा लावला. तिच्यासाठी काही मागावंसं वाटलं नाही. आता वाचलेलं तिला समजतं; सोमवारचं तिचं ती बघेल.