उलटं धुणं

मंठाळ, १२ मार्च १९८६

चि. माणिकप्पास गौराअक्काचा आशीर्वाद. अव्वा बरी हाय. म्हैस व्याली, तूर निघाली. तुझा खोकला थांबला का?

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अरबाच्या मुलकातला तुझा समुद्र तांबडा झालाय, डोळ्याला न दिसणारं शेवाळ पाण्यासंगं कारखान्यात शिरायलंय, खारं पाणी गोडं करायच्या पडद्यांवर बुळबुळीत साय धरायलीय, दाब चढायलाय अन् पाणी निघंना. "अक्का, तूच सांग आता काय करू," असं तू चेष्टेनं लिहिलंस. अन् मी येडी! लगीच कागद घेऊन शहाणपण पाजळलं.

नारू होऊ नये म्हणून आपण बारवेचं पाणी फडक्यानं गाळतो. फडकं बुळबुळलं की उलटं धरून पाणी ओततो, समदं निघतं. तुझ्या पडद्यांनाबी तसंच उलटं पाणी सोड, म्हणून लिहिलं. ते पत्र कवाच गेलं.

काल कमठाण्याचा नागनाथ आला होता, तसल्याच कारखान्यात राबून आलेला. मी कौतुकानं सांगितलं, तर त्याचा चहा बशीतच राहिला. "अक्का, ते फडकं न्हाई. चिकटवलेल्या घड्या असतात. उलट्या दाबानं टराटरा उकलतात. एकानं तसं करून समदे पडदे फाडले, तो अजून तिथल्या तुरुंगात हाय."

तू माझा शब्द कधी मोडत न्हाईस, त्याचंच भ्या वाटायलंय. या वक्ताला मोड रे बाबा! हात लावू नको.

थोरला अण्णा म्हणला, तार करू. मीच नको म्हटलं. आपल्यात तार येती ती मरणाचीच. पाकीट बघूनच अव्वा गेली म्हणून तू हाय खाशील. म्हणून पत्रच लिहायलेय.

मिळताच दोन ओळी लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझी अक्का

---

कारखान्याची छावणी, १३ मार्च १९८६

अक्कास शरणु शरणार्थी, पाया पडतो.

तुझं गेल्या आठवड्यातलं, फडक्याचं पत्र आज हातात पडलं. पहिल्यांदा हसलो, मग हसू गेलं. इथं समदे भ्यायलेत. पाणी असंच अडलं तर शहराचे नळ बंद पडतील अन् आमची घरी पाठवणी होईल. साहेबालाबी उपाय सुचंना.

तुझं पटलं बघ. वाळूच्या गाळण्या आम्ही उलट्याच धुतो की! मग पडद्यांनी काय घोडं मारलंय? उद्या शुक्रवार, साहेब सुट्टीवर, व्हॉल्व्ह माझ्या हातात. तू सांगितलंस तसंच करतो.

मलाबी लई भ्या होतं. तुझं अक्षर बघून गेलं.

तुझा शब्द कधी न मोडणारा,
माणिक