मांजराचं नाक आणि फडताळातले कागद

घाटकोपर, मंगळवार, संध्याकाळ

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे!

तीन दिवस प्रयोगशाळेत मी मांजराच्या मेंदूत, वास ओळखणाऱ्या भागात, तिथली वीज टिपणारी तार घट्ट बसवत होते. बेशुद्ध मांजराच्या प्रत्येक श्वासाला कागदावर एक लाट उमटायची. सर म्हणायचे, "छाती हलते म्हणून तार हलते. नीट बांध ना!" मलाही तेच खरं वाटलं. मूर्ख मी.

आज सकाळी बाबा संध्येला बसले. प्राणायामाला त्यांनी नाक धरलं आणि माझा चहा हातातच राहिला. छाती नाही, नाक बंद करून बघावं!

दुपारी मांजराच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले, तोंड उघडून ठेवलं. छाती वरखाली होतच होती, पण लाट गायब! बोळे काढले, लाट हजर. पाच वेळा केलं. तार हलतच नव्हती. नाकातून जाणाऱ्या हवेच्या तालावर मेंदूतल्या पेशी जाग्या होत होत्या. वास कसलाच नसताना!

सरांनी स्वतः एकदा बोळे घालून पाहिले. मग म्हणाले, "आधीचे कागद कुठायत?"

कुठे असणार? फुकट गेलेले म्हणून मी घरी आणले, आईने फडताळात डब्यांखाली अंथरले. आत्ता सगळे डबे खाली काढलेत. "अगं, कालच लावलंय मी ते!" आई ओरडतेय.

मी कागदावर वाकलेय. हळदीच्या डागाखालून लाट तशीच चाललीये. हळदीचा वास नाकात शिरतोय. माझ्या डोक्यात आत्ता काय उमटत असेल?