विंकाच्या ओठांकडे बघ

२७ जुलै १९८६, रविवार

फ्रानेदादा,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहीत नाही. आई बरी आहे. काल संत आनाचा दिवस, म्हणजे तिच्या नावाचा सण, आणि तू आला नाहीस. नेवेंकावहिनी बदामाचा केक घेऊन एकटीच आली आणि "ह्यांचं डोकं दुखतंय" म्हणाली. आईने तुझी ताटली शेवटपर्यंत उचलू दिली नाही.

घरी येऊन बोलले असते, पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि मी ओरडले की अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडतात. तेव्हा कागदच बरा.

तू गोदीच्या कामगार समितीकडे अर्ज केलास, तो आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर लुकेतिनांनी मला वाचायला दिला. "तपासणारी नर्स त्या दिवशी आजारी होती, सबब पत्रेखात्याची कानतपासणी रद्द धरावी आणि माझ्या भाच्याला एक ऑगस्टपासून परत हातोड्यावर घ्यावे." वा! सख्ख्या बहिणीचं नाव लिहायला शाई संपली होती का रे?

आजारी होते, हे खरं. सर्दी होती, म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं. सगळं बिंग फुटलं ते त्या फडक्यापायीच, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दरवर्षीची पद्धत तीच. माणूस काचेच्या खोलीत कानांवर यंत्र लावून बसतो, मी बाहेरून बटण दाबते, सूर ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. आणि दरवर्षी अख्ख्या गोदीत सर्वांत तिखट कान कुणाचे? तर तुझ्या पत्रेखात्याचे! दिवसभर हवेच्या हातोड्याने पोलाद ठोकणारे लोक, पण कान चर्चमधल्या ऑर्गनवाल्याला लाजवतील असे. डॉक्टर म्हणायचे, "फ्राने मुकादम शिस्तीचा आहे, माणसांना कानात बोळे घालायला लावतो." मला किती अभिमान वाटायचा! भावाचं कौतुक ऐकून मी बावळट खूश.

त्या दिवशी सगळ्यांत आधी तुझ्या खात्यातला बेपो आत बसला आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिला. बोट काही वर होईना. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला, तरी ढिम्म. शेवटी काचेवर टकटक करून म्हणतो, "विंका, तोंडावरचं काढ की ते! असं असल्यावर माणसाला ऐकू कसं येणार?"

बाहेर रांगेतले हसले. तू हसला नाहीस. तू दार उघडून त्याच्या दंडाला धरलंस आणि म्हणालास, "गप बस, गाढवा." त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणी आई चिडवायची, सुईत दोरा ओवताना, बदाम फोडताना विंका ओठ आत ओढते. बटण दाबतानाही मी ओढत असणार. मला ते कधी कळलं नाही. तुला कळलं, आणि तू ते खात्यात नव्या येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलंस. विंकाच्या ओठांकडे बघ, ओठ गेले की बोट वर.

माझ्या तोंडाचा तमाशा केलास, दादा. आणि त्या तमाशाला माझ्याच पोराला, दुयेला, नेऊन बसवलंस.

दुयेचा बाप वर्षातले दहा महिने जहाजावर. पोराला पोहायला तू शिकवलंस, जाळं टाकायला तू शिकवलंस, हे मी कधी विसरले नाही. म्हणून तर संताप जास्त आहे. त्या दिवशी दुये शेवटी आला. माझ्याकडे बघेना. खाली मान घालून अंदाजाने बोट वर करत होता, मी बटण दाबलेलं नसतानाही. चोवीस वर्षांचा पोरगा!

त्याचा आलेख मी तुझ्यापुढे धरला होता. तू बघितला नाहीस, आता वाच. वयाने कान गेला तर रेघ हळूहळू उतरत जाते. दुयेची रेघ सरळ चालते आणि बारीक सुरांपाशी धाडकन खड्ड्यात पडते, पुढे थोडी वर येते. दोन्ही कानांत तसंच. असा खड्डा हातोडाच पाडतो. तू म्हणालास, "पाळी संपवून आला होता, कान शिणले होते." बरं, मानलं. दोन दिवस घरी बसवून सोमवारी सकाळी परत तपासला, खुर्ची भिंतीकडे फिरवून. खड्डा होता तिथेच होता.

मग दवाखान्याच्या दारात तू सगळ्यांसमोर काय बोललास ते आठवतं?

"पोराच्या पोटावर पाय देतेस? आई आहेस की वैरीण?"

"त्याला कोठारात काम मिळतंय, फ्राने. उपाशी नाही ठेवत कुणी त्याला."

"कोठारात! खिळे मोजायला! आपले आजोबा बहिरे, बाबा बहिरे, मी बहिरा. कोण मेलं?"

बाबा मेले तेव्हा शेवटचं काय बोलले, ते तुला अजून माहीत नाही. तू उशाशीच बसला होतास. तू मला कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आताही सांगणार नाही.

इतकं लिहिलं, पण जे लिहायला बसले ते अजून राहिलंच आहे.

काल जेवण अंगणात होतं, पाइनच्या झाडाखाली. वर फांद्यांवर किरकिऱ्यांनी, त्या उन्हाळी किड्यांनी, आवाजाचा नुसता उच्छाद मांडला होता. वहिनीला मीठ मागायला मला दोनदा ओरडावं लागलं. तीन आठवडे दुये माझ्याशी बोललेला नाही. काल अंजीर सोलता सोलता त्याने वर झाडाकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाला, "आई, यंदा किरकिरे आलेच नाहीत, नाही?"

वहिनीने हातातला चमचा खाली ठेवला. आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "हो रे, यंदा त्यांना उशीर झालाय."

तू आला असतास, तर तूही मान डोलावली असतीस. मामा-भाचे तुम्ही दोघं झाडाखाली बसून म्हणाला असतात, काय छान शांत आहे.

उद्या सकाळी जाऊन तो अर्ज मागे घे. दुये हातोड्याला पुन्हा हात लावणार नाही, मग तो जन्मभर माझ्याशी अबोला धरेना का. चार ऑगस्टपासून तुझ्या सगळ्या खात्याची तपासणी नव्याने होणार आहे, डॉक्टरांची सही झाली. पहिलं नाव तुझं घातलंय. खुर्चीचं तोंड भिंतीकडे असेल आणि मी तुझ्या पाठीमागे. माझी सर्दी बरी झाली आहे, फडकं नसेल. ओठ हवे तेवढे आत ओढीन.

तुझ्या अर्जातली तपासणारी नर्स,
दुयेची आई