कायाकमध्ये बसून वाकायचं कसं

तीर्थरूप मित्सुएताई,

धाकट्या शिगेहिसाचा कमरेतून वाकून नमस्कार (कोरड्या जमिनीवर उभा राहून). तुझे गुडघे कसे आहेत? एकाहत्तराव्या वर्षीही तू बुड्या मारून समुद्रातून शिंपले काढतेस, आणि तुझा भाऊ बँकेतून निवृत्त झाल्यापासून चटईवर पडून आहे (बायकोच्या भाषेत, केरसुणीला चिकटलेलं ओलं पान).

हे पान समुद्रात कसं पडलं ते ऐक. आमच्या चिहारुच्या लग्नाच्या बैठकीत मुलाच्या वडिलांनी, कुरामोचीसाननी, आपला छंद सांगितला : समुद्रात कायाक, म्हणजे ती एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, चालवणं. मी म्हणालो, "अहो, माझाही तोच!" पोरीचं लग्न आहे, ताई, तिथे 'मला छंदच नाही' असं कोण म्हणणार? त्यांनी लगेच रविवार ठरवला. माझं पितळ उघडं पडलं तर पोरीचं लग्न मोडेल, या धास्तीने माझी झोप उडाली.

उशिमादो बंदरावरच्या होड्यांच्या दुकानातली बाई फटकळ निघाली. "नवशिके ना, काका? मग रुंद घ्या. शांत पाण्यात शिंकलात तरी हलायची नाही. ही अरुंद बसताक्षणी डगमगते. लाटेत कलली की छान तोल धरते, पण ते जमायला अंगात कसब लागतं." मी रुंद होडी पाहिली. आमच्या घरातलं न्हाणीचं घंगाळ तिच्याहून रुबाबदार. तीत बसून मी मुरलेला गडी कसा दिसणार? घेतली अरुंद, लालभडक (बत्तीस वर्षं लोकांना सुरक्षित ठेवींचे सल्ले दिले मी).

रविवारी पहिली दहा मिनिटं चक्क तरंगलो. मग बाजूने कुरामोचीसान आले. मुलाचे वडील! नुसती मान हलवून कसं भागेल? वल्हं मांडीवर ठेवलं, त्यांच्याकडे वळलो आणि पंचेचाळीस अंशात वाकलो. होडी माझ्याहून नम्र निघाली. अंगातल्या तरंगत्या जाकिटाने वर आणलं, पाहतो तर त्यांचीही होडी उलटलेली. माझ्या नमस्काराला ते माझ्याहून खाली वाकले होते. त्यांची होडी माझ्या होडीहून अरुंद, आणि बुडाला दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच! "माफ करा, चूक आमची," ते पाणी थुंकत म्हणाले. "छे छे, माझीच," मी म्हणालो. कोळ्याची नाव येईपर्यंत आमचं हेच चालू होतं.

असो. प्रकृतीला जप.

तुझा,
शिगेहिसा

ता. क. 'तुझ्यासाठी बुडालो गं' असं चिहारुला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आम्ही गेल्याच महिन्यात नगरपालिकेत जाऊन लग्न नोंदवलंय. सांगणारच होतो." आता बोल!

आणखी एक. लग्न आधीच झाल्याचं कुरामोचीसाननाही कळलंय. तरी काल त्यांचा फोन आला : पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ, या वेळी रुंद होड्या घेऊन. बँक सुटल्यापासून मला कोणी आपणहून कुठे बोलावलेलं नाही, ताई. मला जायचंय. फक्त, मला अजूनही पोहता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. या आठवड्यात शिकायला येऊ का? पहिल्या दिवशी कमरेएवढ्याच पाण्यात उतरव, आणि हसायचं असेल तर आधी हसून घे.